फोनवरच्या कार्यालयीन मेलसाठी दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती असावी का?

धागाकर्ता (मेल सर्व्हर प्रशासक)

आमच्या एक्स्चेंज सर्व्हरवरील (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) मोबाइल धोरणाचा, म्हणजे मेल घेणाऱ्या फोनसाठीच्या नियमांचा, फेरविचार चालू आहे. सध्याच्या नियमानुसार, ज्या फोनवर कार्यालयीन मेल घ्यायची त्याला अक्षरे, अंक व चिन्हे असलेला किमान ८ वर्णांचा पासवर्ड लागतो आणि तो दर ९० दिवसांनी बदलावा लागतो. ही मुदत काढून टाकावी आणि ६ अंकी पिन, १२३४५६ सारख्या सोप्या पिनला मनाई, ५ मिनिटांत आपोआप लॉक, एन्क्रिप्शनची (फोनमधील माहिती सांकेतिक रूपात ठेवण्याची) सक्ती व चुकीच्या प्रयत्नांना १० ची मर्यादा एवढेच ठेवावे, असा माझा प्रस्ताव आहे.

फोन उघडण्याचा पासवर्ड आणि मेल खात्याचा पासवर्ड यांत आपण गल्लत करतो. खात्याचा पासवर्ड जगातून कुठूनही कुणीही आजमावू शकतो. फोनचा पासवर्ड आजमावायला तो फोन हातात असावा लागतो. ६ अंकांचे १० लाख पिन होतात आणि १० चुकांनंतर फोन स्वतःला पुसून टाकतो, म्हणजे चोराला लाखात एक संधी मिळते. मुदतीने यात काहीच भर पडत नाही. अमेरिकेच्या निस्ट या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये असे म्हटले आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून ही मुदत वगळली. दिवसातून कितीतरी वेळा एका अंगठ्याने कीबोर्ड बदलून चिन्ह टाकावे लागले, की माणूस महिन्याचे नाव, वर्ष आणि शेवटी एक चिन्ह असा साचा ठरवून टाकतो, आणि मुदत संपली की त्यातला फक्त महिना बदलतो.

प्रतिसाद १ (माहिती सुरक्षा विभागातून)

आपण दिलेले दोन्ही आधार खात्यांच्या पासवर्डविषयी आहेत, आणि पासवर्ड फुटल्याचे दिसताच तो बदलायला लावावा, ही अटही निस्टने सोबत घातली आहे. फोनचा पिन शेजारी बसलेल्याने पाहिला, तर ते सर्व्हरला कधीच कळत नाही. ही उणीव मुदतीने थोडी तरी भरून निघते. शिवाय लाखात एक हा हिशेब पिन यदृच्छेने निवडला असेल तरच लागू पडतो; जन्मतारखा ठेवणाऱ्यांना तो लावता येणार नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी, की सर्व्हर फक्त धोरण पाठवतो आणि ते पाळायचे काम फोनचे असते. धोरण पूर्णपणे राबवू न शकणाऱ्या उपकरणांनाही मेल घेऊ देण्याची एक स्वतंत्र मुभा धोरणातच असते. ती चालू असेल, तर आपली १० प्रयत्नांची मर्यादा अशा फोनपुरती कागदावरच राहते, आणि आपला सगळा युक्तिवाद तर त्या मर्यादेवरच उभा आहे.

प्रतिसाद २

आपण दोघेही फोन कंपनीचाच आहे असे धरून बोलत आहात. माझा फोन माझा आहे. लहान मुलाने खेळता खेळता १० वेळा चुकीचा पिन दाबला, तर कार्यालयाच्या नियमापायी घरची छायाचित्रेही जाणार का? फोन आणि सर्व्हर यांच्यात मेल व धोरण पोचवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हसिंक प्रणालीच्या १६.१ आवृत्तीपासून दूरस्थ आज्ञेने फक्त मेल खाते पुसण्याची सोय आहे आणि अँड्रॉइडवर कामाची वेगळी प्रोफाइल (खासगी माहितीपासून अलग कप्पा) ठेवता येते, तेव्हा खासगी फोनवर पूर्ण पुसण्याची तरतूद असूच नये.

धागाकर्ता

प्रतिसाद २ मधील आक्षेप मला मान्य आहे. खासगी फोनसाठी कामाच्या प्रोफाइलला स्वतंत्र पिन आणि चुकांची मर्यादा त्या प्रोफाइलपुरती, असा बदल प्रस्तावात करतो. नियम न पाळणाऱ्या उपकरणांची मुभाही बंद करायलाच हवी. त्याने काही जुने फोन बाहेर पडतील, पण त्याला इलाज नाही.

मुदतीबाबत मात्र मत बदलत नाही. पिन पाहून फोन लांबवणारा माणूस ९० दिवस वाट पाहत बसत नाही, तो त्याच दिवशी हात साधतो. पिन दिसू नये यासाठी बोटाचा ठसा वापरायला उत्तेजन देणे हाच खरा उपाय आहे, कारण मग चारचौघांत पिन टाकण्याची वेळच क्वचित येते.

प्रतिसाद १

चोराबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. माझा रोख रोज आसपास असणाऱ्या ओळखीच्या माणसावर होता. तो फोन चोरत नाही, अधूनमधून उघडून मेल वाचतो आणि जागेवर ठेवून देतो. मुदत असली तर निदान ९० दिवसांनी त्याची वाट बंद होते. धोरण प्रत्येक मेलबॉक्सला वेगळे लावता येते, त्यामुळे सर्वांची मुदत काढण्यास माझी हरकत नाही. पण लेखा विभाग आणि संचालक यांच्यासाठी वेगळे धोरण करून त्यात ती ठेवावी, ही माझी मागणी कायम आहे.