मदत हवी आहे: रहस्यकथेतल्या गे डिटेक्टिव्हने जोडीदाराला काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, मराठीत एक रहस्य कादंबरी लिहितोय. काळ १९७४, जागा एडिंबरा, डिटेक्टिव्ह स्वतः गे आहे आणि गोष्ट तोच सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये कायदा १९६७ ला बदलला पण स्कॉटलंडमध्ये थेट १९८० ला, म्हणजे माझ्या हिरोसाठी हा अजून गुन्हाच, आणि त्यावरूनच त्याला कुणीतरी ब्लॅकमेल करतंय, त्यामुळे जागा आणि साल बदलता येणार नाही.

अडलंय एका शब्दावर. ज्याच्यासोबत तो सहा वर्षं राहतोय त्याला मनातल्या मनात तो काय म्हणेल? 'जोडीदार' घातला तर कबड्डीतला किंवा धंद्यातला वाटतो, 'मित्र' म्हटलं की नातंच पुसलं जातं आणि ते मला अजिबात नकोय, 'प्रियकर' फार नाटकी. 'पार्टनर'पण करून बघितलं, सिद्धेश्वर तलावाकाठी बसून दोन मित्रांना वाचून दाखवलं तर दोघांनाही तो पोलीस खात्यातला सहकारी वाटला. नुसतं नाव घेऊन चालवता येतं, पण पकडला जातो त्या प्रसंगात इन्स्पेक्टर सरळ विचारतो, "हा तुझा कोण?" तिथे एकाच शब्दात उत्तर हवंय. तळटीप नको, वर्तमानपत्री शब्द नको. तुमच्या बोलण्यात असा कुठला शब्द आहे का, जो ऐकल्यावर घरातलं माणूस वाटेल?