मदत हवी आहे: डबाभर जुन्या तांब्याच्या पैशांची किंमत कशी काढायची? (जरा घाई आहे)

वाड्यातला_बंड्या: मंडळी, आजोळचं घर उतरवताना माळ्यावर जुन्या पैशांचा डबा सापडला. भोकाचे पैसे बरेच, राजाच्या तोंडाचे काही, कंपनी सरकारचे दोन-तीन. किंमत किती धरावी? ढोबळ आकडा दिलात तरी चालेल, पण शनिवारच्या आत. 'यूट्यूबवर बघा' हे सांगू नका, बघून झालंय.

नाणेघाट: फोटो? सालं? झीज किती? ढोबळच हवं असेल तर ऐका. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून मधून भोक पाडलं. अफाट संख्येने पाडलेत, त्यामुळे हाताळलेला दहा-वीस रुपयांच्या वर जात नाही. सालाजवळ इंग्रजी एल असेल तर लाहोर टांकसाळ, तो वेगळा काढा. बाकीचे मूठभर आले तरी फरक पडत नाही.

वाड्यातला_बंड्या: दहा-वीस?? ऐंशी वर्षं जुनं नाणं आहे हो!

नाणेघाट: वयावर भाव ठरत नाही. शिल्लक किती आणि अवस्था काय, एवढंच बघतात. १८३५ चा कंपनीचा पाव आणा, म्हणजे एक पैसाच, जवळजवळ दोनशे वर्षांचा, तरी झिजलेला असेल तर शे-दोनशेत पदरात पडतो.

मिरजेचा_तात्या: आमच्याकडे भोकाचे पैसे सायकलीला वॉशर म्हणून लावायचे. असो. बंडोपंत, आधी चिंच-मीठ लावून सगळे घासून काढा. लखलखीत झाले की गिऱ्हाईक दुप्पट देतं.

नाणेघाट: तात्या, कृपा करून असले सल्ले देऊ नका. तो तपकिरी थर हीच नाण्याची अब्रू. घासलेलं नाणं जाणकार हातात घेतो, तिरपं धरतो, बारीक ओरखडे बघतो आणि परत देतो.

मिरजेचा_तात्या: जाणकार तुमच्या पुण्या-मुंबईत. आमच्याकडे जत्रेत चकचकीतच आधी खपतं.

अमृता_के: भांडा नंतर. बंड्या, विकत घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यात गल्लत करू नकोस. पुण्याच्या जुन्या बाजारात जो पैसा मला पन्नासला सांगितला, तसाच पैसा मी विकायला नेला तर त्याच माणसाने पाच रुपये म्हटलं. वर 'ताई, तुमच्यासाठी म्हणून.'

कोकणकडा: अवांतर, पण शिवराई आहे का त्यात? एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. असेल तर विकू नका. माझ्याकडे दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या, शिवराया आहेत, फोटो टाकू का?

वाड्यातला_बंड्या: शिवराई नाही. राम-सीतेचं एक आहे, ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. तेच सगळ्यात भारी दिसतंय.

नाणेघाट: तेच सगळ्यात हलकं आहे. कंपनीने राम दरबाराचं असं नाणं कधी पाडलंच नाही. देवळाबाहेर विकतात. देव्हाऱ्यात ठेवा.

जर्सीकर: इकडे अमेरिकेत नाण्यांचे लिलाव जोरात असतात. भाच्याबरोबर पाठवून द्या सगळं, डॉलरमध्ये मिळतील.

अमृता_के: काका, आधी कायदा बघा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. विकायचं म्हणून देशाबाहेर नेता येत नाही. भाचा विमानतळावर अडकायचा.

जर्सीकर: पंचवीस सेंटच्या नाण्यासाठी कोण अडवतंय!

अमृता_के: बंड्या, शनिवारच का पण?

वाड्यातला_बंड्या: एक पार्टी थांबलीय म्हणून. १९४३ च्या एका भोकाच्या पैशाला दीड लाख म्हणतोय. रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्रही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. फक्त फाइल बनवायचे साडेआठशे आधी भरायचेत, शनिवारी मुदत संपते. म्हणून तर तुम्हाला खरा भाव विचारतोय, स्वस्तात जायला नको.

नाणेघाट: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! एक रुपयाही भरू नका. साडेआठशे भरले की 'टॅक्स' मागतील, मग 'कमिशन'. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, कसलं शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

मिरजेचा_तात्या: इथे मात्र नाणेघाटांशी सहमत. त्या पार्टीला म्हणा, साडेआठशे दीड लाखातून कापून घे. बघा फोन उचलतो का.

वाड्यातला_बंड्या: विचारलं. 'सिस्टिममध्ये तसं होत नाही' म्हणाला. बरं, ते राहू दे. राजाच्या तोंडाच्यात १९११ चं एक आहे. ते डुकरावालं महाग असतं ना?

नाणेघाट: पंचम जॉर्जच्या अंगावरच्या साखळीत हत्ती आहे. १९११ मध्ये त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांनी डुक्कर म्हणून ओरड केली, १९१२ पासून ती नीट केली. १९११ च्या पाव आण्याला जास्त पैसे मिळतात हे खरं. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उजेडात, फ्लॅश न मारता.

वाड्यातला_बंड्या: टाकलेत. हत्ती, डुक्कर काहीच दिसत नाही, छाती सपाट झालीय.

कोकणकडा: मीही टाकलेत, शिवराईचे. दुसऱ्या फोटोत दोन आडव्या रेघा स्पष्ट दिसतात बघा.

नाणेघाट: बंडोपंत, शेवटचा आकडा मोठा करून बघा. वर डावीकडे आडवी रेघ पुसट उरलीय. ते १९१७ आहे. तीस रुपये, तेही गिऱ्हाईक भेटलं तर.

मिरजेचा_तात्या: घासलं असतं तर रेघ आधीच दिसली असती.