आल्याची बिअर उतू जाऊन बूच उडालं, काय चुकलं?

काल रात्री अडीचला स्वयंपाकघरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पाच लिटरच्या काचेच्या बरणीत आल्याची बिअर लावली होती, गळ्यापर्यंत भरून. किसलेल्या आल्याचा चोथा फेसाबरोबर वर चढला, एअरलॉकच्या (बुचातून वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी झडप) नळीत अडकला आणि बूच थेट छताला. कालनिर्णयावर आल्याचे तंतू अजून चिकटलेत. सासूबाई दचकून उठल्या, फार वाईट वाटलं. साखर 600 ग्रॅम, यीस्ट एक चमचा. घर परळला, वरचा मजला.

— बरणी फुटली नाही हे नशीब! मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्रीही 30 अंश. यीस्ट साखरेवर तुटून पडतं, कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो. पाव बरणी रिकामी ठेवा, आलं गाळून घ्या. पहिले 2-3 दिवस एअरलॉक नको. रुंद तोंडाची नळी लावून तिचं टोक पाण्याच्या पातेल्यात बुडवा.

— शिवाय बरणी पाण्याच्या परातीत ठेवा, वरून ओला पंचा. आणि काचेच्या बाटलीत भरायची घाई करू नका ताई, माझ्या तळहाताला चार टाके पडलेत. सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्या, दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये.

— गाळली, नळी लावली. पातेल्यात सारखे बुडबुडे येतायत. आज झोपेन.