आठवी-नववीच्या इंग्रजी लेखनाला साचा द्यावा की नाही?

काळाफळा :
मराठी आणि सेमी इंग्रजीच्या आठवी-नववीत परिच्छेद शिकवताना आता बऱ्याच शिक्षकांच्या हातात एकच हत्यार दिसतं, इंग्लंडच्या शाळांतून आलेलं 'पील'. पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन, लिंक. मुद्दा मांडा, धड्यातला पुरावा द्या, तो उलगडून सांगा, शेवटी मूळ प्रश्नाला दुवा जोडा. चार खणांचा डबा. माझं म्हणणं सरळ आहे : आठवीत हा डबा देऊच नये.

खण दिसला की मूल तो भरतं. काही सांगायचं असतं म्हणून नाही, रिकामा राहू नये म्हणून. चौथ्या खणात टाकायला काही उरलेलं नसतं, मग पहिलंच वाक्य 'देअरफोर' लावून परत येतं. तिसऱ्यात 'धिस शोज दॅट' लिहून पुराव्याचे शब्द इकडचे तिकडे केले जातात. पुरावा म्हणजे अवतरणचिन्हांतली कुठलीही ओळ, बहुतेक वेळा धड्याच्या पहिल्या पानावरची.

कवितेच्या रसग्रहणाचा तर पार रेशनकार्डाचा फॉर्म झालाय. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आवडती ओळ, मध्यवर्ती कल्पना. इंग्रज कवी ब्लेकची 'अ पॉयझन ट्री' घ्या, १७९४ सालची, सोळा ओळींची. मूल 'एएबीबी' लिहून मोकळं होतं. पण पहिल्या चार ओळींत यमकाचे शब्दच सगळं सांगून टाकतात : 'फ्रेंड'ला 'एंड', 'फो'ला 'ग्रो'. मित्रावरचा राग बोलून संपला, शत्रूवरचा मनात ठेवल्यामुळे वाढला. यमक सापडलं, त्याने काय काम केलं ते कुणी विचारलंच नाही. त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

त्याऐवजी पहिले सहा आठवडे परिच्छेद बंद, फक्त वाक्यं. फळ्यावर एक अर्धं वाक्य लिहायचं आणि ते 'बिकॉज', 'बट' आणि 'सो' लावून तीन तऱ्हांनी पुरं करून घ्यायचं. रोज सात-आठ मिनिटं पुरतात. धडा समजला नसेल तर 'बट'पाशी गाडी अडते, आणि कुणाला काय समजलं नाही ते तिथल्या तिथे कळतं.

तासिका_सहावी :
साफ असहमत. पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली पाच मिनिटं हजेरी आणि वह्या काढण्यात जातात, समोर पन्नास-साठ मुलं, आणि निम्म्यांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नाही. अशा मुलाला 'तुला काय वाटतं ते लिही' म्हणणं ही मोकळीक नव्हे, सोडून देणं आहे. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तकं आहेत त्याला साच्याची गरज नाही, कारण तो साचा त्याच्या कानात आधीच बसलेला असतो.

स्लॅब ओतताना खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट घट्ट झालं की ते काढायचं असतंच. आधीच काढलं तर स्लॅब डोक्यावर.

काळाफळा :
मान्य. पण सेंटरिंग काढतंय कोण? आठवीत लावलेलं दहावीच्या पेपरापर्यंत तसंच असतं, आणि त्यालाच इमारत म्हणायची पद्धत पडली आहे.

तासिका_सहावी :
काढायचं वेळापत्रक पहिल्या दिवशीच लिहून ठेवायचं. पहिले दोन आठवडे चार खण आणि प्रत्येकाची सुरुवातीची शब्दजोडणी ('धिस शोज दॅट'सारखी) दोन्ही द्यायची. तिसऱ्या आठवड्यात शब्दजोडणी पुसायची, खण ठेवायचे. पाचव्यात चौथा खण पूर्ण काढायचा (दुव्याबद्दल तुमचं बरोबर आहे, शंभर शब्दांच्या परिच्छेदात तो ओझंच होतो). सातव्यात क्रम मोडायला सांगायचं : पुरावा आधी, मुद्दा नंतर. आठव्यात कोरा कागद.

हे फसतं ते घटक चाचणीपाशी. चाचणी पाचव्या आठवड्यात आली की शिक्षक घाबरून पुन्हा पहिल्या पायरीवर जातात, आणि मुलांना कळतं की खण कायमचे आहेत. चाचणीची तारीख बघून उलटं मोजत आठवडे आखले की हा घोळ टळतो.

शेवटचा_बाक :
तुम्ही दोघंही लिहिण्यावरून भांडताय, वाचण्याचं काय? परिच्छेद पोकळ निघतो तो बहुतेकदा गोष्ट नीट वाचली नाही म्हणून. इंग्रज कथाकार साकीची 'द ओपन विंडो' उदाहरणाला घेऊ. साधारण बाराशे शब्दांची आहे, म्हणजे संथ मोठ्याने वाचली तर दहा-बारा मिनिटं. साकी १९१६ मध्येच गेला, त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही, बिनधास्त झेरॉक्स काढा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी : मज्जातंतूंच्या दुखण्यातून बरा व्हायला खेडेगावात आलेला फ्रॅम्टन नटल एका अनोळखी बाईंना भेटायला जातो. त्या खाली येईपर्यंत त्यांची पंधरा वर्षांची भाची त्याला सांगते, की तीन वर्षांपूर्वी काकांसह तिघे पुरुष या खिडकीतून शिकारीला गेले आणि दलदलीत गडप झाले, मावशी अजून त्यांची वाट पाहते म्हणून खिडकी उघडी. (मावशी, मामी की काकू हे इंग्रजी 'आंट' सांगत नाही. वर्गात कुणीतरी विचारतंच, आणि विचारू द्यावं.) थोड्या वेळाने तिघेही हिरवळीवरून चालत येतात आणि फ्रॅम्टन जीव घेऊन पळतो. ते मेलेलेच नसतात.

आता इथे मुलं कुठे अडखळतात ते बघा. पहिली अडचण खुद्द खिडकी. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे गज असलेली, कमरेच्या वरची खिडकी येते. त्यातून तीन माणसं आणि कुत्रा बाहेर कसे जातील? ही फ्रेंच विंडो, जमिनीपर्यंत पोचणारी, बागेत उघडणारी, जवळजवळ दारच. फळ्यावर दोन रेघांत काढून दाखवलं नाही तर कथा पहिल्याच वळणाला कोसळते. दुसरी, त्या मुलीला लेखक कधी 'नीस' म्हणतो, कधी 'चाइल्ड', कधी 'यंग लेडी', आणि वेरा हे नाव बरंच उशिरा येतं. कच्चं वाचणारी मुलं तीन वेगळ्या व्यक्ती मोजतात. तिसरी अडचण सगळ्यात नाजूक : शेवटी मुलगी खिडकीकडे भेदरून पाहते, तो अभिनय आहे हे अर्ध्या वर्गाला कळत नाही, आणि मग ही भुताची गोष्ट म्हणून वहीत उतरते.

म्हणून आधी आठ-दहाच शब्द द्यायचे, बाकीचे ओघात. पहिलं वाचन शिक्षकाने करायचं आणि दोनदाच थांबायचं : भाचीची हकिगत संपते तिथे, आणि हिरवळीवर आकृत्या दिसतात तिथे. दोन्ही वेळा प्रत्येकाने पुढे काय होईल याचं एक वाक्य लिहायचं, मराठीत चालेल. दुसऱ्या वाचनाला तीन रकाने : वेराला काय माहीत आहे, फ्रॅम्टनला काय माहीत आहे, आपल्याला काय माहीत आहे. हा तक्ता भरला की लिहायला मजकूर आपोआप मिळतो, मग साचा द्या नाहीतर देऊ नका.

पालक_८वी :
एक शंका. परीक्षेत ठरलेल्या पद्धतीने लिहिलं नाही तर गुण जातात ना? मुलांनी प्रयोग करायचे आणि ८० गुणांच्या पेपरात मार खायचा, असं नको.

काळाफळा :
पत्र आणि परिच्छेद यांत गल्लत होतेय. पत्राचा साचा हा शिष्टाचार आहे, तो पाळायलाच हवा : पत्ता, तारीख, विषय, मायना. 'डिअर सर' असेल तर शेवटी 'युअर्स फेथफुली', नावानिशी मायना असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. ते पाठ करा, वाद नाही. माहितीच्या तक्त्यावरून परिच्छेद लिहितानासुद्धा क्रम ठरलेला असला तर बिघडत नाही. माझा आक्षेप विचाराच्या साच्याला आहे.

जरीतरी :
शेवटचा_बाक यांनी 'मराठीत चालेल' असं सहज म्हटलं, पण माझ्या मते खरा वाद तिथेच आहे. मराठीत विचार करून घेतला की मुलं इंग्रजीत भाषांतर करतात आणि चुका थेट मराठी व्याकरणातून येतात. 'जरी... तरी'ची जोडी म्हणून 'दो'च्या पाठोपाठ 'बट'. 'जेव्हा... तेव्हा' म्हणून 'व्हेन'नंतर 'दॅट टाइम'. 'ला' प्रत्यय दिसला की 'टू', म्हणून 'आय आस्क्ड टू हिम'. 'सांगितलं' आणि 'म्हणाला' यांची सरमिसळ होऊन 'ही सेड मी'. 'अ' आणि 'द'ला मराठीत जागाच नाही, त्यामुळे ते गळतात, किंवा पोरं घाबरून सगळीकडे 'द' पेरतात. 'व्हाय'च्या उत्तरात 'बिकॉज इट वॉज रेनिंग.' एवढंच लिहून पूर्णविराम, कारण मराठीत 'कारण पाऊस पडत होता' हे उत्तर म्हणून खपतं. अशा मुलांना आधी मराठीत बोलू देणं म्हणजे खड्डा खणून त्यात ढकलणं.

शेवटचा_बाक :
या चुका मराठी बंद केल्यानेही होतात. तोंड बंद केलं म्हणून डोक्यातलं मराठी थांबत नाही. फरक एवढाच, की मराठीत बोलू दिलं तर विचार पाच वाक्यांचा असतो, इंग्रजीतच बोल म्हटलं तर 'वेरा इज अ क्लेव्हर गर्ल' इथे संपतो. पाच वाक्यांतल्या चुका दुरुस्त करता येतात. न केलेल्या विचाराची दुरुस्ती कशी करणार?

उलट तुमची यादीच शिकवण्याचं साहित्य आहे. दोन्ही भाषांतली वाक्यं शेजारी लिहा. 'जरी-तरी' मराठीत जोडीने नांदतात, इंग्रजीत मात्र एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत : 'दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. तेरा वर्षांच्या मुलाला हे नियमापेक्षा लवकर कळतं. आणि त्याच मुलाने मराठीच्या तासाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असं रसग्रहण केलेलं असतं. इंग्रजीच्या तासाला तो कोरा होऊन येतो असं आपण का धरतो?

जरीतरी :
बोलणं मराठीत असू दे, पण लिहायच्या आधी एक पायरी हवी. चर्चेतून आलेले पाच-सहा इंग्रजी शब्दसमूह फळ्यावर राहिले पाहिजेत : 'प्रिटेंड्स टू बी', 'टेक्स अ‍ॅडव्हान्टेज ऑफ', 'हॅज नो वे ऑफ नोइंग'. सुटे शब्द नकोत, समूहच. सुटा 'प्रिटेंड' दिला की 'शी इज प्रिटेंड' येतं. एवढं मान्य असेल तर मी अर्धं पाऊल मागे घेते.

लालशाई :
आता वह्यांचं बोला. पंचावन्न वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, पावणेतीन तास. आठवड्याला एक परिच्छेद म्हटलं तरी इंग्रजीचा शिक्षक हे वर्षभर करणार नाही, म्हणून परिच्छेदच लिहून घेतले जात नाहीत. वर जो वाद चाललाय त्याचं मूळ कारण हे आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

प्रत्येक चुकीखाली लाल रेघ मारणं बंद करा. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आधी जाहीर करून : या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त 'अ' आणि 'द'. चूक असलेल्या ओळीच्या समासात एक ठिपका, चूक मुलाने शोधायची. रोज चौदा वह्या, चार दिवसांत वर्ग संपतो, आणि एका वहीला मिनिटभर पुरतं. शुक्रवारी पाच वाक्यं नाव न सांगता फळ्यावर, तीन चुकलेली, दोन झकास, आणि झकास का ते मुलांनी सांगायचं.

तासिका_सहावी :
ठिपक्याची पद्धत हुशार मुलांना चालते. ज्याला 'गो'चा भूतकाळच माहीत नाही तो ठिपक्याकडे बघत बसेल.

लालशाई :
त्याच्या ठिपक्याशेजारी योग्य रूप लिहून द्या. वर्गात अशी आठ-दहा मुलं असतात, पंचावन्न नाही. आणि साच्याच्या बाजूने एक सांगते : खणात लिहिलेलं तपासायला सोपं पडतं, तिसरा खण बघितला की झालं. साचा टिकून आहे तो मुलांपेक्षा आपल्या सोयीमुळे, हे निदान आपसात तरी कबूल करू.

काळाफळा :
हे मात्र लागलं. ठीक, तासिका यांचं आठ आठवड्यांचं वेळापत्रक मी घेतो, पण दोन बदल करून. आधी तीन आठवडे 'बिकॉज-बट-सो', मग खण. आणि दुव्याच्या जागी पहिल्या दिवसापासून एक प्रश्न : 'हे वाक्य कथेतून काढलं तर काय बिघडेल?' हकिगत सांगायच्या आधी वेरा फ्रॅम्टनला विचारते, की इकडची माणसं तुमच्या ओळखीची आहेत का. तो नाही म्हणतो. ही साधी औपचारिक चौकशी वाटते. काढून बघा : थाप पचेल की नाही हे तिला कळायला मार्गच उरत नाही. तिचं खोटं तिथे सुरू होतं, हकिगतीत नाही. हे ज्याला दिसलं त्याला 'धिस शोज दॅट' लागत नाही.

तासिका_सहावी :
प्रश्न चांगला आहे, पण 'बिघडेल' म्हणजे 'वुड', आणि त्याच्यामागे 'इफ'. आठवीच्या मुलाकडून सशर्त वाक्यरचना पहिल्याच आठवड्यात? 'इफ वेरा वुड नॉट आस्क' अशी पन्नास वाक्यं तपासायची तयारी ठेवा.

जरीतरी :
प्रश्न वर्तमानकाळात विचारा की. 'विदाउट धिस क्वेश्चन, वेरा डझ नॉट नो दॅट...' आणि पुढे रिकामी जागा.

तासिका_सहावी :
म्हणजे पुन्हा खणच!