शुगरची जखम: नॅनो ड्रेसिंगचा आग्रह धरायलाच हवा

कोथरूडची_लेक:
बाबांच्या तळव्याची जखम सात महिने भरत नाहीये. रोज आयोडीन आणि कोरडी गॉज. काढताना नवी कातडीही सोलून येते. जखम ओलसर ठेवली की लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. आता तर पॉलिमरचे नॅनोतंतू निघालेत, आपल्या कातडीतल्या कोलॅजनच्या धाग्यांइतके बारीक. वेलीला मांडव मिळावा तसा पेशींना आधार मिळतो, तंतूंतलं औषध हळूहळू झिरपत राहतं. पुण्यातच आघारकर संस्थेत नॅनोचांदीच्या जेलवर काम झालं. मग दवाखान्यात अजून गॉजच का?

ड्रेसिंगवाली_सिस्टर:
गॉजचं पटलं. सलाईनने भिजवून काढा, सोलणार नाही. बाकीचं पटत नाही. सोळा वर्षं ड्रेसिंग करतेय. बहुतेक जखमा अडतात त्या पायावर पडणाऱ्या भारामुळे. शुगरमध्ये तळव्याची जाणीव जाते, दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांना प्लास्टर घालून, जखमेवरचा भार काढून असल्या जखमा भरून आणल्या. शुगरच्या पायाला आजही तोच उपाय करतात. बाबा घरात अनवाणी चालतात का? पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, झालाय? रक्तच पोचत नसेल तर वर काहीही लावा.

कोथरूडची_लेक:
चालतात. पूजेला, बाथरूमला. डॉपलर कुणी सांगितलाच नाही.

पॉलिमर_पाषाण:
सिस्टर, भार आधी काढायचा, मान्य. पण ड्रेसिंगला एवढं दुय्यम मानू नका. जुनाट जखमेत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स माजलेली असतात. ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींची वाढ करवणारं प्रथिन, नुसता लावला तर ती त्याचा फडशा पाडतात. पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या कणात गुंडाळला तर तो टिकतो, दिवसेंदिवस थोडाथोडा सुटतो, आणि कण शरीरातच विरतात. कोळंबीच्या टरफलांतून मिळणारं कायटोसान धनभारित असतं, ते जिवाणूंच्या आवरणाला धरतं.

ड्रेसिंगवाली_सिस्टर:
हे प्रयोग उंदरांवरचेच ना? उंदराची जखम आकसून मिटते, माणसाची तशी मिटत नाही. चांदी जास्त झाली तर नव्या पेशीही मरतात. आणि मेलेली कातडी खरवडून काढल्याशिवाय त्यावर कितीही भारी ड्रेसिंग लावलं तरी ते सडक्या थरावरच बसणार.

पॉलिमर_पाषाण:
उंदराचा मुद्दा खरा आहे. म्हणून तर माणसांवरच्या चाचण्या वाढायला हव्यात. त्या होईपर्यंत विषयच बंद करायचा, हे मला मान्य नाही.

कोथरूडची_लेक:
उद्याच डॉपलर करून घेते. बाबांना चालावं लागू नये म्हणून पलंगाशी आजपासून लघवीचं भांडं ठेवलंय. पण कोरडी गॉज आता लावू देणार नाही.