मदत हवी आहे : ओटीजीमध्ये धोंडस मधोमध ओलं राहतं

आमच्याकडे रत्नागिरीला श्रावणात तवशी (मोठ्या काकड्या) यायला लागली की आजी धोंडस, म्हणजे तवशाचा गोड केक, करायची. चुलीवर जाड बुडाचं पितळी पातेलं, तळाला हळदीचं पान, झाकणावर रसरशीत निखारे. तास-दीड तास कुणी झाकणाला हात लावायचा नाही. मग आम्ही आठ-नऊ भावंडं माजघरात ओळीने बसायचो, गरम वडीवर लोण्याचा गोळा, आणि कडेची लाल खरवड कुणाला मिळणार यावरून भांडणं! ती खरवड मला माझ्या मुलांना खायला घालायची आहे.

पुण्यात चूल नाही, म्हणून ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) करते. दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा तुपावर भाजून, तीन वाट्या तवशाचा कीस पाण्यासकट, दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. आधी गॅसवर वाफ आणते, मग केकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात १८० अंशांवर ४५ मिनिटं, दोन्ही कॉइल चालू. वरून छान रंग येतो, पण मध्ये चिकट, ओलसर राहतं आणि तळाला खरवड धरतच नाही.

तापमान कमी करून जास्त वेळ ठेवू का? शेवटी फक्त खालची कॉइल लावावी का? की डबाच बदलून बिडाचं भांडं घ्यावं? तवशाचं पाणी मात्र पिळून टाकायचं नाहीये, सगळी चव त्यातच असते. गणपतीत नैवेद्याला करायचं आहे. ज्यांना ओव्हनमध्ये जमलंय त्यांनी कृपया वेळ आणि भांडं दोन्ही सांगा.