ठासणीच्या बंदुकीचे दुरुस्त केलेले आटे: बार खांद्याला लावून काढावा का?

कुळागरकार, सत्तरी

आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे: तोंडातून दारू ठासायची आणि केपेने, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीने, पेटवायची. वडिलांच्या पश्चात रीतसर अर्ज करून मी तो परवाना माझ्या नावावर करून घेतला. गेल्या चवथीनंतर बंदूक साफ करताना निपल, म्हणजे केप बसवायची आट्यांची छोटी नळी, बोटांनी डुगडुगत असल्याचे जाणवले, म्हणून ती एका परवानाधारक कारागिराकडे नेली. त्याने निपल काढले आणि नंतर नळीच्या बुडाचे बूच, म्हणजे ब्रीच प्लगही उघडले. त्या वेळी जे दिसले त्यामुळे हा धागा काढत आहे.

बुचाच्या आट्यांवर पातळ पितळी पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. नळीच्या बाजूचे पहिले चार आटे काजळीने काळेकुट्ट झाले होते आणि पट्टीची एक कड जळून कागदासारखी चुरली होती. निपल ६ मिलिमीटरचे होते, पण ज्या भोकात ते बसवले होते ते पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. दोहोंच्या आट्यांचे अंतरही वेगळे असल्यामुळे ते तीन फेरे फिरून अडकत असे आणि आम्ही त्या अडकण्यालाच घट्टपणा समजत होतो. ही दुरुस्ती वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानातून करून घेतली होती. ‘आटे नवे केले आहेत, आता चिंता नको’ असे सांगून त्या दुकानाने बंदूक परत दिली होती. त्यानंतर त्याच बंदुकीने किती बार निघाले याची मोजदाद नाही, आणि त्यांतले काही मी स्वतः काढले आहेत.

माझे मत स्पष्ट मांडतो. (आटे म्हणजे इथे स्क्रूचे आटे, रायफलच्या नळीतल्या खाचा नव्हेत.) बुडाचे किंवा निपलचे आटे एकदा गेले आणि पत्रा, झाळ, वेल्डिंग किंवा तारेचे इन्सर्ट (भोकात बसवायचे तारेच्या वेटोळ्याचे आटे) घालून भरून काढले, तर ती नळी खांद्याला लावण्यायोग्य राहत नाही. बंदुकीचा हा एकच सांधा असा आहे की जो सुटला तर सुटलेला भाग मागे, म्हणजे बार काढणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

---

लेथवाला, फोंडा

कुळागरकारबाब, तुमच्या बंदुकीवर झालेले काम ही दुरुस्ती नव्हेच, ती फसवणूक होती, आणि तुम्ही त्यातून सुखरूप राहिलात याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्या एका वाईट कामावरून दुरुस्त केलेला प्रत्येक आटा धोक्याचा ठरवणे मला मान्य नाही. माझी तीस वर्षे लेथवर गेली आहेत. बंदुकीचे काम मी करत नाही, कारण त्याचा परवाना माझ्याकडे नाही. पण आटा किती भार पेलतो हे माझ्या रोजच्या कामाचे आहे.

हिशेब करून पाहू. अर्ध्या इंचाच्या नळीत काळ्या दारूचा दाब चौरस इंचाला १०,००० पौंड धरला, तर बुचाच्या तोंडावर सुमारे ८९० किलोचा धक्का बसतो. पाऊण इंची बूच १२ मिलिमीटर खोलवर पूर्ण आट्यांत बसले असेल, तर साध्या मऊ पोलादाचे आटेसुद्धा ५ टनांच्या पुढे भार सोसतात. जुने झिजलेले आटे कापून काढून, एक माप मोठा टॅप (आटे पाडायचे हत्यार) चालवून, त्या मापाचे नवे बूच बनवणे ही पत्करण्यासारखी रीत आहे आणि तिच्यात ताकद कमी होत नाही. इन्सर्टचीही इतकी धास्ती घेण्याचे कारण नाही. विमानाच्या इंजिनांतही तारेची इन्सर्ट वापरली जातात आणि मऊ धातूत तर त्यांनी आटा मूळपेक्षा बळकट होतो.

प्रश्न आट्याचा नाही, तो कोणी पाडला याचा आहे. सरसकट ‘दुरुस्त आटा नकोच’ म्हटले की माणसे चांगल्या कारागिराकडे जायचे सोडतात आणि गुपचूप गॅरेजवाल्याकडे जातात.

---

निवृत्त शस्त्रदुरुस्तीकार, पर्वरी

सैन्यात शस्त्रदुरुस्तीचे काम केल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. लेथवाले मेस्त, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की ८९० किलोचा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा बुचाचे तोंड नळीच्या आतल्या खांद्यावर, म्हणजे आटे संपतात तिथल्या पायरीवर, घट्ट टेकलेले असते आणि वायू आट्यांपर्यंत पोहोचतच नाही. कुळागरकारांनी सांगितलेली चार आट्यांवरची काजळी हा वायू आत शिरत होता याचा पुरावा आहे. वायू बुचाच्या पूर्ण पाऊण इंच व्यासावर दाबू लागला तर तोच धक्का २ टनांच्या घरात जातो. बूच बसवताना त्याच्या तोंडाला निळा रंग किंवा काजळी लावून ते खांद्यावर सर्व बाजूंनी टेकते की नाही हे कारागीर तपासतो, ते याचसाठी. मोठ्या मापाचे नवे बूच बनवले आणि ही तपासणी केली नाही, तर आटे कितीही सुबक असले तरी काम अर्धेच झाले.

दुसरी गोष्ट, भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. सर्वांत पुढच्या आट्यावर एकूण भाराचा साधारण तिसरा हिस्सा येतो आणि मागच्यांवर तो झपाट्याने कमी होत जातो. म्हणजे काजळीने काळे झालेले पहिले चार आटे हेच खरे काम करणारे आटे होते.

तिसरी गोष्ट धातूची आहे आणि माझ्या मते इथेच बहुतेकांची फसगत होते. जुनी नळी कशाची आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही. कित्येक जुन्या नळ्या घडीव लोखंडाच्या पट्ट्या तापवून, ठोकून जोडलेल्या असतात आणि त्यांत धातुमळीच्या रेषा राहिलेल्या असतात. परदेशी नव्या नळ्यांपैकी काही १२ एल १४ या शिसेमिश्रित, सहज कापल्या जाणाऱ्या पोलादाच्या असतात आणि त्या पोलादाला वेल्डिंग मानवत नाही. त्यामुळे बुडाजवळ वेल्डिंग किंवा झाळ नको, या मुद्द्यावर मी कुळागरकारांच्या पूर्ण बाजूने आहे.

विमानातल्या इन्सर्टविषयीही सांगायला हवे. तिथे ते स्पार्क प्लगच्या भोकासारख्या ठिकाणी असते, शिवाय ठरलेल्या तासांनी तपासले जाते. इथे ६ मिलिमीटरच्या निपलसाठी इन्सर्ट घालायचे तर भोक सुमारे ६.३ मिलिमीटर करावे लागते आणि त्याच्या खास टॅपचा बाहेरचा व्यास ७.३ पर्यंत जातो. निपलभोवतीची भिंत मुळात जाड असेल तर ठीक, नाही तर आपण तीच पातळ करत असतो. त्यातच तारेच्या मागे जी सर्पिल फट राहते, ती वायूला आणि गंजाला आयती वाट मिळते.

---

काजूवाला, सांगे

सगळे वाचले आणि मनात थोडी चिडही आली, ती प्रामाणिकपणे मांडतो. तुम्ही लिहिता तसा कारागीर आमच्या भागात कुठे आहे? रानडुकरे एका रात्रीत सुरणाचा आणि केळीचा मळा उकरून टाकतात आणि माकडे नारळ कोवळे असतानाच पाडतात. शस्त्र कायदा १९५९च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, कारण शेतकऱ्याला परवडणारी बंदूक तीच. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, नंतर खेपा घालून परत आणायची, हे आम्ही निमूटपणे करतो. आता तिचे आटे दुरुस्त केलेले असले तर ती मोडीत काढा, असे तुम्ही म्हणता.

मी जनावरावर बार टाकत नाही. दारू आणि वर चिंधीचा बोळा एवढेच ठासून आवाज काढतो. त्यात गोळीच नसेल तर दाब तो किती येणार?

---

कुळागरकार, सत्तरी

काजूवालेबाब, तुमची चीड मला समजते, कारण माझेही कुळागर (सुपारी-नारळाची बागायत) रानाला लागूनच आहे. गोळीशिवाय दाब पुष्कळ कमी येतो हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण चिंधी किती घट्ट ठासली यावर तो अवलंबून असतो, आणि ठासणीच्या बंदुकीत मात्रा हाताने मोजली जाते. अंधारात, भिजलेल्या अंगाने, आधीचा बार उडाला की नुसती केप फुटली हे न कळून दुसऱ्यांदा दारू भरल्याचे प्रकार आपल्या गावांत ऐकिवात नाहीत असे तुम्हीही म्हणणार नाही. आटे शाबूत असले तर ती चूक कदाचित पचते. माझ्या बंदुकीत ती पचली नसती.

आपल्या हवामानाचे वेगळे सांगायला हवे. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. या राखेतले क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ती राख आट्यांच्या फटीत बसली, तर तिथला गंज उन्हाळ्यातही थांबत नाही. नळी आपण गरम पाण्याने धुतो आणि तेल लावतो; बुचामागे मात्र ना पाणी पोहोचते ना तेल. म्हणून लेथवाल्या मेस्तांचा ५ टनांचा आकडा दुरुस्तीच्या दिवशीचा आहे, पाचव्या पावसाळ्यानंतरचा नाही.

---

लेथवाला, फोंडा

हा मुद्दा मी मान्य करतो. गंजाचा विचार माझ्या हिशेबात नव्हता, आणि बुचाचे तोंड टेकण्याविषयी पर्वरीच्या साहेबांनी जे लिहिले तेही रास्त आहे. निपलच्या जागी इन्सर्ट नको, हेही आता पटले. निपलवर येणारा धक्का २०० किलोच्या आसपासच भरतो म्हणून मी ते हलके समजत होतो. पण ते निपल डोळ्यांच्या रेषेत बसलेले असते, हे ध्यानात घ्यायला हवे होते.

तरीही मूळ मत सोडत नाही. शाबूत धातूत नवा आटा पाडणे आणि खराब आट्याची भरपाई करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या पहिल्या मजकुरात तो पुरेसा स्पष्ट झालेला नाही. निपलचे भोक फाटले असेल तर ते एक माप वाढवून, त्या मापाचे नवे निपल पूर्ण आट्यांनिशी बसवणे यात मला अजूनही गैर वाटत नाही.

---

निवृत्त शस्त्रदुरुस्तीकार, पर्वरी

भिंत पुरेशी जाड असेल तर निपलबाबत मीही मेस्तांशी सहमत आहे. बुडासाठी मला भरवशाचा वाटणारा उपाय एकच: आटे गेलेला तुकडा कापून टाकावा, पुढच्या निरोगी धातूत नव्याने आटे पाडावेत, बूच खांद्यावर टेकवून बसवावे आणि मग माणूस दूर ठेवून, बंदूक बांधून, वाढीव मात्रेने प्रूफचा, म्हणजे नळीची ताकद तपासण्याचा, बार काढावा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ साली कायद्याने स्थापन झाले, आणि नळीची ताकद कमी करणारा बदल झाला की पुन्हा प्रूफ करून घेण्याची पद्धत तिथे आहे. मात्र एकदा प्रूफ उतरला म्हणजे जन्माची हमी मिळाली असे कोणी समजू नये. दरवर्षी पावसाळ्यानंतर बूच कारागिराकडून उघडून पाहायला हवे.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. कलम ५ प्रमाणे दुरुस्ती आणि प्रूफ ही दोन्ही कामे परवानाधारकानेच करायची आहेत, आणि नळी आखूड करण्यासाठी कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. म्हणून बुडाचा इंचभर तुकडासुद्धा आधी लेखी विचारणा केल्याशिवाय कापून घेऊ नका.

काजूवाल्यांसाठी एक साधी गोष्ट. रिकाम्या नळीत गज (दारू ठासायची काठी) तळापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करा आणि नेहमीची मात्रा भरल्यावर दुसरी खूण करा. दर वेळी गज टाकून या खुणा पाहिल्या, तर दुहेरी मात्रा भरण्याआधीच कळते.

---

कुळागरकार, सत्तरी

मेस्तांचा आक्षेप योग्य आहे. ‘दुरुस्त’ हा एकच शब्द मी दोन वेगळ्या कामांसाठी वापरला, तो बदलतो: भरपाई केलेला आटा नको, निरोगी धातूत नव्याने पाडलेला चालेल. मात्र बुडाच्या बाबतीत प्रूफशिवाय तोही नको, यावर मी ठाम आहे. बूच आणि निपल काढलेली नळी सध्या कारागिराकडे पावतीवर जमा आहे आणि कलम ६ साठीचा अर्ज लिहून तयार आहे.

---

काजूवाला, सांगे

गजाच्या खुणा आजच केल्या. माझ्या बंदुकीचे बूच कोणी बसवले आणि केव्हा, हे घरात विचारले तर कोणालाच सांगता आले नाही. वडीलधाऱ्यांना एवढेच आठवते की मधल्या काळात ती एकदा ‘नीट करून आणली’ होती. कुळागरकारबाब, तुमच्या त्या कारागिराचा पत्ता मला खाजगीत कळवा. तो बंदूक उघडून पाहीपर्यंत डुकरांसाठी मी डबे वाजवीन.